तारेवरून काय चालले आहे ते वाचणे: सिग्रोक-सीएलआय नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जीपीएस मॉड्यूल बोर्डाला जोडले, प्रोग्रॅम चढवला आणि पडद्यावर काहीच उमटले नाही, तर दोष कोणाचा हे ठरवणे नवशिक्याला फार जड जाते. मॉड्यूल बोलतच नाही, की ते बोलते आहे पण बोर्डाला ऐकू येत नाही, की ऐकू येते पण वेग वेगळा असल्यामुळे अर्थ लागत नाही, या तिन्ही शक्यता पडद्यावर सारख्याच दिसतात. अशा वेळी प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा बदलण्यापेक्षा तारेवरचा सिग्नल प्रत्यक्ष पाहावा. मी स्वतः पहिल्या प्रकल्पात कित्येक संध्याकाळी प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात घालवल्या आणि शेवटी बॉड रेट, म्हणजे दर सेकंदाला किती बिट पाठवायचे तो वेग, चुकीचा निघाला. तारेवर पाहिले असते तर ते दहा मिनिटांत कळले असते. तो वेळ इतरांचा वाचावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

यासाठी लागणारे साधन म्हणजे सिग्रोक या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील सिग्रोक-सीएलआय ही टर्मिनलवरून चालणारी कमांड. याच प्रकल्पाचे पल्सव्ह्यू नावाचे चित्ररूप सॉफ्टवेअरही आहे आणि लाटा डोळ्यांनी पाहण्यासाठी ते उत्तम आहे. तरीही सुरुवात कमांडपासून करावी असे माझे मत आहे, कारण तिथे प्रत्येक गोष्ट आपल्याला स्वतः सांगावी लागते: कोणते उपकरण, किती वेग, किती वेळ, कोणता प्रोटोकॉल (तारेवर बोलण्याचे नियम). शिवाय एकदा जमलेली कमांड वहीत लिहून ठेवता येते आणि सहा महिन्यांनी तशीच पुन्हा चालवता येते.

कमांड लिहिण्याविषयी आधीच एक खुलासा करतो. या लेखात कमांडही देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि साध्या अंकांनी टाइप कराव्यात. अपवाद फक्त चॅनेलच्या नावातील डी या अक्षराचा, ते मोठे असते. मी सगळीकडे दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी पर्यायांची लांब रूपे वापरली आहेत, कारण एका अक्षराच्या रूपांत लहान आणि मोठ्या अक्षराचा अर्थ वेगळा असतो. लहान सी म्हणजे सेटिंग आणि मोठा सी म्हणजे चॅनेल. लहान ओ म्हणजे फाइलचे नाव आणि मोठा ओ म्हणजे फाइलचा प्रकार. सुरुवातीला या घोटाळ्यात बराच वेळ जातो.

१. साहित्य जमवा

- आठ चॅनेलचा यूएसबी लॉजिक ॲनालायझर, म्हणजे तारांवरचे शून्य-एक नोंदवून संगणकाला देणारे छोटे उपकरण. सायप्रेस कंपनीच्या एफएक्स२ चिपवर बनवलेले स्वस्त मॉडेल पुरते.
- नियो-६एम जातीचे जीपीएस मॉड्यूल. सरावासाठी ते सर्वांत सोयीचे आहे, कारण वीज मिळताच ते आपणहून दर सेकंदाला बोलू लागते. त्याला काही विचारावे लागत नाही.
- मॉड्यूलला वीज देण्यासाठी मायक्रोकंट्रोलर बोर्ड किंवा योग्य व्होल्टचा पुरवठा.
- जंपर वायरी, ब्रेडबोर्ड आणि साधा मल्टिमीटर.
- लिनक्स असलेला संगणक. विंडोजवरही काम होते; त्यातील वेगळा भाग पुढे सांगितला आहे.

पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सारे साहित्य मिळते. दुकानात 'आठ चॅनेल, चोवीस मेगाहर्ट्झ लॉजिक ॲनालायझर' एवढे म्हटले तरी काय हवे ते कळते.

२. सॉफ्टवेअर बसवा

डेबियन किंवा उबुंटूवर पुढील कमांड द्यावी:

सुडो एपीटी इन्स्टॉल सिग्रोक-सीएलआय सिग्रोक-फर्मवेअर-एफएक्स२एलएएफडब्ल्यू

यातील दुसरे नाव विसरू नका. या ॲनालायझरच्या चिपमध्ये कायमचे फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, नसते. यूएसबीला जोडल्यावर संगणक ते चिपच्या तात्पुरत्या मेमरीत भरतो आणि वायर काढली की ते पुसले जाते. एफएक्स२एलएएफडब्ल्यू हे सिग्रोकने स्वतः लिहिलेले मुक्त फर्मवेअर आहे. ते संगणकावर नसेल तर उपकरण जोडलेले असूनही कामाला येत नाही, आणि नवशिक्याला वाटते की उपकरणच खराब आहे.

विंडोजवर झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने उपकरणाला विनयूएसबी ड्रायव्हर द्यावा लागतो. इथला सापळा असा की हे काम दोनदा करावे लागू शकते. फर्मवेअर भरण्यापूर्वी उपकरणाची यूएसबी ओळख एक असते, बहुधा ०९२५:३८८१, आणि फर्मवेअर भरल्यावर ते १डी५०:६०८सी अशा नव्या ओळखीने पुन्हा प्रकट होते. संगणकाच्या दृष्टीने ही दोन निराळी उपकरणे असल्यामुळे दोन्हींना ड्रायव्हर द्यावा.

३. उपकरण न जोडता सराव करा

ही पायरी बहुतेक जण वगळतात, पण ती वगळू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सिग्रोकमध्ये डेमो नावाचे काल्पनिक उपकरण आधीच असते. पुढील कमांड चालवून पाहा:

सिग्रोक-सीएलआय --ड्रायव्हर डेमो --चॅनल्स डी०-डी७ --सॅम्पल्स ६४ --आउटपुट-फॉरमॅट बिट्स

पडद्यावर आठ ओळी येतात आणि त्यांत शून्ये व एक दिसतात. जरा दुरून पाहिले तर शून्यांच्या आकारांतून सिग्रोक हेच नाव रोमन अक्षरांत उमटलेले दिसते. हे दिसले म्हणजे सॉफ्टवेअर नीट बसले आहे, आणि यापुढे काही अडले तर दोष वायर, ड्रायव्हर किंवा परवानगी यांपैकी कशात तरी आहे, एवढे पक्के झाले.

४. खरे उपकरण ओळखले जाते का ते तपासा

ॲनालायझर जोडा, पण त्याच्या वायरी अजून कशालाही लावू नका. मग ही कमांड द्या:

सिग्रोक-सीएलआय --स्कॅन

यादीत डेमोच्या जोडीला एफएक्स२एलएएफडब्ल्यू या नावाची ओळ आणि पुढे डी० ते डी७ ही आठ चॅनेल दिसली पाहिजेत. पहिल्या वेळी फर्मवेअर भरले जात असल्यामुळे काही सेकंद थांबावे लागते. ओळ दिसली नाही तर कमांड एकदा पुन्हा द्यावी. त्यानंतरही दिसली नाही तर एलएसयूएसबी या कमांडने उपकरण यूएसबीवर तरी आहे का ते पाहा. तिथेही नसेल तर यूएसबी केबल बदला, कारण काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांत डेटाच्या तारा नसतातच.

यूएसबीवर आहे पण स्कॅनमध्ये नाही, अशा वेळी कारण बहुधा परवानगीचे असते. सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून तीच कमांड चालली, तर परवानगीचाच प्रश्न आहे हे सिद्ध होते. मात्र कायम सुडोने काम करू नये. सिग्रोकच्या पॅकेजसोबत यूडेव्हचे, म्हणजे कोणते उपकरण कोणाला वापरता येईल हे लिनक्सला सांगणारे, नियम येतात. ते लागू होण्यासाठी उपकरण काढून पुन्हा जोडावे, आणि तरीही न झाल्यास आपले खाते प्लगडेव्ह गटात घालून लॉगआउट करून परत यावे.

५. वायरी जोडा

आधी मॉड्यूलची वीज बंद करा. ॲनालायझरची ग्राउंड पिन मॉड्यूलच्या ग्राउंडला जोडा. त्यानंतर पहिले चॅनेल मॉड्यूलच्या टीएक्स, म्हणजे डेटा पाठवणाऱ्या, पिनला जोडा. इथे एक बारकावा आहे: ॲनालायझरवर चॅनेल बहुधा १ ते ८ असे छापलेले असतात, पण सॉफ्टवेअर त्यांना डी० ते डी७ म्हणते. म्हणून छापील १ म्हणजे डी०. आता वीज सुरू करा.

ग्राउंडची वायर विसरणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे, आणि ती फसवी आहे. ग्राउंड नसतानाही सिग्नल कधीकधी दिसतो, कारण दोन्ही उपकरणे त्याच संगणकाच्या यूएसबीवर असली तर ग्राउंड आडमार्गाने जोडले गेलेले असते. पण मॉड्यूल वेगळ्या पुरवठ्यावर नेले की अचानक कचरा दिसू लागतो, आणि काल चाललेले आज का चालत नाही याचा उलगडा होत नाही. म्हणून ग्राउंडची वायर नेहमी प्रथम लावावी आणि शेवटी काढावी.

व्होल्टबद्दल काटेकोर राहा. हे स्वस्त ॲनालायझर शून्य ते पाच व्होल्टच्या सिग्नलसाठी आहेत. नियो-६एमचा टीएक्स ३.३ व्होल्टचा असतो, त्यामुळे चिंता नाही. पण जुन्या संगणकाच्या नऊ पिनांच्या आरएस-२३२ पोर्टवर ऋण आणि धन असे दोन्ही बाजूंचे व्होल्ट असतात व ते पाचच्या बरेच पलीकडे जातात. तिथे हा ॲनालायझर थेट लावू नये. २३० व्होल्टच्या घरगुती विजेला थेट जोडलेल्या कोणत्याही सर्किटवर, म्हणजे एलईडी बल्बचा ड्रायव्हर, वीजमीटर, चार्जरचा आतला भाग अशा ठिकाणी, तो कधीही लावू नका. ॲनालायझरचे ग्राउंड यूएसबीमार्गे तुमच्या संगणकाशी थेट जोडलेले असते. तिथे केवळ उपकरण जळण्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. शंका असेल तर आधी मल्टिमीटरने व्होल्ट मोजा.

६. सॅम्पल रेट ठरवा

ॲनालायझर तारेकडे सतत पाहत नाही. ठरावीक अंतराने पाहून शून्य की एक एवढेच नोंदवतो. दर सेकंदाला किती वेळा पाहायचे, तो सॅम्पल रेट. नियो-६एम कारखान्यातून ९६०० बॉडवर येते, म्हणजे एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. एक मेगाहर्ट्झ वेगाने पाहिले तर प्रत्येक बिटावर सुमारे १०४ सॅम्पल पडतात, आणि एवढे भरपूर आहेत.

माझा नियम असा: यूएआरटी (जीपीएस मॉड्यूल ज्या पद्धतीने एका तारेवर एकामागून एक बिट पाठवते ती) वाचताना एका बिटावर किमान दहा सॅम्पल पडतील एवढा वेग ठेवावा. चारवरही काम निघते, पण मग बिटाची कड कुठे आहे ते नेमके दिसत नाही आणि वेगातील लहानसा फरक पकडता येत नाही. उलट, उपकरण चोवीस मेगाहर्ट्झ देते म्हणून प्रत्येक वेळी चोवीसच लावणेही बरोबर नाही. त्या वेगाला यूएसबीवरून येणारा ओघ एवढा मोठा असतो की जोडीला हब किंवा वेबकॅम असेल तर रेकॉर्डिंग मध्येच तुटते.

७. आधी फाइलमध्ये साठवा, मग उलगडा

ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. सिग्नल पकडणे आणि त्याचा अर्थ लावणे ही दोन कामे एकाच कमांडमध्ये करता येतात, आणि म्हणूनच नवशिके तसे करतात. तसे करू नका. अर्थ लावताना तुमचा अंदाज चुकला तर सिग्नल निसटून गेलेला असतो. जीपीएस पुढच्या सेकंदाला पुन्हा बोलेल, पण जो दोष दिवसातून एकदाच येतो तो तुमच्यासाठी थांबणार नाही. फाइल हाती असली की त्याच सिग्नलवर दहा वेगवेगळे अंदाज निवांतपणे तपासता येतात.

सिग्रोक-सीएलआय --ड्रायव्हर एफएक्स२एलएएफडब्ल्यू --चॅनल्स डी० --कॉन्फिग सॅम्पलरेट=१एम --टाइम ३एस --आउटपुट-फाइल जीपीएस.एसआर

तीन सेकंदांत तीस लाख सॅम्पल जमा होतात, तरी फाइल लहानच राहते, कारण एसआर फाइल ही आतून झिप असते. अनझिप केली तर आत मेटाडेटा आणि लॉजिकच्या फाइली वेगवेगळ्या दिसतात. सॅम्पल रेट त्या मेटाडेटात नोंदलेला असतो, त्यामुळे उलगडताना तो पुन्हा सांगावा लागत नाही. फाइलचे नाव मात्र अर्थपूर्ण ठेवा. मी नावात मॉड्यूल, पिन आणि तारीख घालतो.

एखादी घटना क्वचितच घडत असेल तर ट्रिगर लावावा. --ट्रिगर्स डी०=एफ आणि --वेट-ट्रिगर हे दोन पर्याय जोडले की तार एकवरून शून्यावर पडेपर्यंत नोंद सुरू होत नाही. इथला एफ म्हणजे पडती कड. चढत्या कडेसाठी आर आणि दोन्हींसाठी ई.

८. यूएआरटी उलगडा

सिग्रोक-सीएलआय --इनपुट-फाइल जीपीएस.एसआर --प्रोटोकॉल-डिकोडर्स यूएआरटी:आरएक्स=डी०:बॉडरेट=९६००:फॉरमॅट=आस्की

मॉड्यूलची टीएक्स पिन आपण डिकोडरला, म्हणजे बिटांचा अर्थ लावणाऱ्या भागाला, आरएक्स (ऐकण्याची तार) म्हणून दिली आहे, याने गोंधळू नका. डिकोडरला फक्त ऐकायचे आहे; आरएक्स आणि टीएक्स या त्याच्यासाठी दोन तारांच्या पाट्या आहेत, आणि एकच तार असेल तेव्हा कोणतीही पाटी लावली तरी अर्थ तोच लागतो.

पडद्यावर ओळींचा पूर येईल: सुरुवातीचा बिट, आठ डेटा बिट, शेवटचा बिट, आणि मग अक्षर. हा पूर एकदा तरी सावकाश वाचावा. रोमन जी या अक्षराचा संकेतांक षोडशमान पद्धतीत ४७ आहे, म्हणजे द्विमानात ०१०००१११. यूएआरटी सर्वांत कमी किमतीचा बिट आधी पाठवते, म्हणून तारेवर हे उलटे, १११०००१० असे जाते. त्याच्या आधी सुरुवातीचे शून्य आणि शेवटी थांब्याचा एक, मिळून दहा बिट: ०, १, १, १, ०, ०, ०, १, ०, १. विश्रांतीत तार एकवर असते, म्हणूनच ते पहिले शून्य 'आता बोलतो आहे' असे सांगते. एक अक्षर असे बिटाबिटाने हाताने जुळवून पाहिले की पुढचे सर्व प्रोटोकॉल समजायला सोपे जातात; मला तरी यूएआरटी खऱ्या अर्थाने त्याच दिवशी समजले.

नंतर गर्दी कमी करण्यासाठी --प्रोटोकॉल-डिकोडर-ॲनोटेशन्स यूएआरटी=आरएक्स-डेटा हा पर्याय लावावा, म्हणजे फक्त अक्षरे उरतात. पण हा पर्याय पहिल्याच वेळी लावू नका. त्याने फ्रेम एररच्या (थांब्याचा बिट अपेक्षित जागी न सापडल्याच्या) सूचनाही गाळल्या जातात, आणि चुकीचा डेटा निर्दोष असल्यासारखा समोर येतो.

सलग वाक्ये हवी असतील तर ॲनोटेशनऐवजी --प्रोटोकॉल-डिकोडर-बायनरी यूएआरटी=आरएक्स द्यावे. मग मॉड्यूलने पाठवलेला मजकूर जसाच्या तसा दिसतो. प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते. घरात, उपग्रह दिसत नसताना, एक वाक्य साधारण असे येते: $जीपीआरएमसी,,व्ही,,,,,,,,,,एन*५३. अर्थात तेही रोमन अक्षरांत. यातील व्ही म्हणजे स्थान अजून ग्राह्य नाही. अनेक जण ही रिकामी वाक्ये पाहून मॉड्यूल खराब ठरवतात; खरे तर मॉड्यूल, वायर आणि बॉड रेट तिन्ही बरोबर असल्याचा हा पुरावा आहे. त्याला खिडकीत किंवा गच्चीवर न्या आणि व्हीच्या जागी ए येण्याची वाट पाहा.

ए आल्यावर दोन गोष्टी तपासा. वाक्यातील वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळवून घड्याळाशी ताडून पाहा. आणि अक्षांश वाचताना लक्षात ठेवा की अंश आणि मिनिटे सलग लिहिलेली असतात. पुण्यात १८३१ ने सुरू होणारा आकडा दिसेल. तो १८ अंश ३१ मिनिटे असा वाचायचा, १८.३१ अंश असा नव्हे.

९. अर्थ लागत नसेल तर

बॉड रेट सांगायचा राहिला तर डिकोडर तो ११५२०० धरतो. ९६००चा सिग्नल ११५२००ने वाचला की बहुतेक ठिकाणी ०० आणि फ्रेम एरर दिसतात, कारण एकाच खऱ्या बिटाच्या काळात डिकोडरच्या हिशेबाने बारा बिट उलटून गेलेले असतात. म्हणजे शून्यांची रांग आणि सोबत फ्रेम एरर दिसले की आपण दिलेला वेग जास्त आहे असे समजावे. उलट, विचित्र अक्षरे आणि अधूनमधून एरर दिसत असतील तर दिलेला वेग कमी असण्याची शक्यता मोठी.

वेग मुळीच माहीत नसेल तर त्याच फाइलवर गेस_बिटरेट हा डिकोडर चालवा: --प्रोटोकॉल-डिकोडर्स गेस_बिटरेट:डेटा=डी०. तो सर्वांत अरुंद स्पंद शोधून त्यावरून वेग सांगतो. आपल्या फाइलवर तो ९६००च्या आसपासचा, समजा ९६१५, असा आकडा देईल. एका मेगाहर्ट्झला बिटाची रुंदी १०४ सॅम्पल मोजली की भागाकार तेवढाच येतो. त्याला सर्वांत जवळचा प्रचलित वेग घ्यावा.

पर्यायांची नावे आवृत्तीनुसार बदललेली आहेत. पॅरिटी आणि स्टॉप बिट यांच्या पर्यायांना जुन्या आवृत्तीत निराळी नावे होती. म्हणून इतरांची कमांड उतरवून चालली नाही, तर --प्रोटोकॉल-डिकोडर्स यूएआरटी आणि --शो एवढेच देऊन आपल्या आवृत्तीत कोणते पर्याय आहेत ते वाचा.

१०. पुढची तार: आयस्क्वेअरसी

यूएआरटी जमली की आयस्क्वेअरसी या दोन तारांच्या प्रोटोकॉलने बोलणारे घड्याळाचे डीएस१३०७ मॉड्यूल घ्या. आता दोन तारा आहेत: एससीएल (ताल देणारी) डी०वर, एसडीए (डेटाची) डी१वर. बस १०० किलोहर्ट्झची असेल तर दोन मेगाहर्ट्झ सॅम्पल रेट ठेवा. इथे मॉड्यूल आपणहून बोलत नाही, त्यामुळे बोर्डावर वेळ वाचणारा प्रोग्रॅम चालू हवा. फाइल आधीप्रमाणेच साठवा आणि उलगडताना डिकोडरवर डिकोडर चढवा:

--प्रोटोकॉल-डिकोडर्स आय२सी:एससीएल=डी०:एसडीए=डी१,डीएस१३०७

स्वल्पविरामापुढचा डिकोडर आधीच्याचे फलित घेऊन तारीख आणि वेळ दाखवतो. पण पहिल्यांदा नुसता आय२सी चालवा आणि पत्ता पाहा. तो षोडशमान पद्धतीत ६८ दिसला पाहिजे. डेटाशीट किंवा जुन्या प्रोग्रॅममध्ये डी० किंवा डी१ असा षोडशमान आकडा (चॅनेलचे नाव नव्हे) आढळला तर तो वेगळा पत्ता नाही. लिहिण्या-वाचण्याचा बिट जोडून लिहिलेला तोच ६८ आहे. पत्त्यानंतर नॅक आला तर त्या पत्त्यावर कोणी उत्तर देत नाही: वीज, ग्राउंड आणि पुलअप रोधक (तारा एकच्या पातळीवर धरून ठेवणारे) तपासा. पत्ताच दिसत नसेल, तर एससीएल आणि एसडीएच्या वायरींची अदलाबदल झाली आहे का ते पाहा. इथेही फाइल कामी येते, कारण केवळ ॲनालायझरकडच्या वायरी उलट लागल्या असतील तर पुन्हा रेकॉर्ड करण्याची गरज नाही. कमांडमधील डी० आणि डी१ यांची जागा बदलून तीच फाइल पुन्हा वाचावी.